व्रण आणि वण

संस्कृतातला 'व्रण' मराठीकडे यायला निघाला, तेव्हा प्राकृताच्या मुक्कामी त्याचा रकार गळाला आणि तो नुसता 'वण' उरला. एवढ्यावरच भागले असते तर आम्हा भाषा शिकवणाऱ्यांखेरीज कोणी त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण उच्चाराबरोबर अर्थही बदलला. संस्कृतात व्रण म्हणजे वाहती, ठणकती जखम. मराठीत वण म्हणजे ती जखम बरी झाल्यावर मागे उरलेली खूण. वाहत्या जखमांसाठी आपण दुसरे शब्द ठेवले. कपाळाला पडते ती खोक, विळीने होते ती चीर, मांजरीचा तो ओरखडा आणि गुडघ्याचे ते नुसते खरचटणे.

सुश्रुताला मात्र दोन्हींची काळजी होती. व्रणावर करायचे जे साठ उपक्रम त्याच्या संहितेत मोजले आहेत, त्यांत जखम धुणे, शिवणे आणि भरून आणणे तर आहेच, पण काही उपक्रम वणासाठीही आहेत. खोलगट राहिलेला भाग वर आणायचा ते उत्सादन, वर आलेला खाली बसवायचा ते अवसादन. पांढरी पडलेली जागा काळी करायची ते कृष्णकर्म आणि काळी पडलेली उजळायची ते पांडुकर्म. केस उगवेनासे झाले तर रोमसंजनन. एवढी शतके लोटली, तरी लेकराच्या आईचे प्रश्न तेच आहेत. फक्त ती आता ते औषधांच्या दुकानात जाऊन विचारते.

या सदरात मी एरवी शब्दांच्या कुंपणाबाहेर फारसा जात नाही. पण गेले वर्षभर आमच्या घरात एका वणाचा संसार चालू आहे, आणि दिवाळी अंकासाठी संपादकांनी चार रकाने जास्त दिले आहेत. ज्यांच्या घरात पाच वर्षांच्या आतले मूल धावते आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून त्यातले थोडे सांगतो. मी डॉक्टर नव्हे. मला एम.ए.ची पदवी आहे आणि चिकित्सक भावजय आहे, एवढीच माझी पात्रता.

गेल्या वर्षी पाडव्याच्या संध्याकाळी धाकट्या भावाची साडेतीन वर्षांची मुलगी नवा परकर सावरत धावली, पायात परकर आला आणि ती टीपॉयच्या कोपऱ्यावर आदळली. डाव्या भुवईपासून वर तिरपी, दोन सेंटिमीटरांची खोक. रक्त म्हणाल तर असे, की घरातल्या दोघांना पाहूनच भोवळ आली. चेहऱ्याची जखम दिसते त्याहून लहान असते, हे अशा वेळी आठवत नाही. चेहऱ्याला रक्ताचा पुरवठा भरपूर, म्हणून तिथे जरासे कापले तरी धार लागते. पण त्याच पुरवठ्यामुळे चेहरा लवकर भरून येतो आणि सहसा चिघळत नाही. सृष्टीने एका हाताने भेवडवावे आणि दुसऱ्या हाताने सांभाळावे, त्यातला हा प्रकार.

आई हळदीचा डबा घेऊन आली. शेजारच्या काकू कॉफीची पूड घेऊन आल्या. भावजयीने मुलीला मांडीवर घेऊन धुतलेल्या रुमालाची घडी जखमेवर दाबून धरली होती. ती म्हणाली, "आई, हळद नको. भाऊजी, तुम्ही गाडी काढा." मग तिने रुमाल दहा मिनिटे हलवला नाही. दर अर्ध्या मिनिटाला रुमाल उचलून 'थांबलं का' असे पाहण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि प्रत्येक वेळी गोठू लागलेले रक्त पुन्हा सुटते. दहा मिनिटे म्हणजे घड्याळात पाहून दहा मिनिटे.

हळदीबद्दल मला आदर आहे. पण चेहऱ्यावरच्या उघड्या जखमेत कोणतीही पूड घालू नये. डॉक्टरांना शिवण्याआधी ती कण कण धुऊन काढावी लागते, आणि तोवर मुलाचे रडणे दुप्पट होते. जखमेत राहिलेली धूळ, खडी किंवा शिसपेन्सिलीचा कण यांवर कातडी भरून आली की तो निळसर-काळा डाग कायमचा गोंदल्यासारखा दिसतो. रस्त्यावर घसरून गाल खरचटलेल्या मुलाला टाके लागत नाहीत म्हणून सुटलो असे वाटते. वास्तविक त्याचीच जखम सगळ्यांत जपून धुवायला हवी. धुवायला नळाचे स्वच्छ, पिण्याजोगे वाहते पाणी पुरते. जंतुनाशकांची आग करणारी द्रावणे निखळ ओतली तर जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात.

आणि धुण्याआधीही एक गोष्ट. डोके आपटल्यावर मूल बेशुद्ध झाले, वारंवार ओकू लागले, पेंगुळले किंवा विचित्र वागू लागले, तर वणाची चिंता बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठावे. कुत्रे चावले असेल तर पंधरा मिनिटे साबणपाण्याने धुऊन रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी जावे. तिथे टाक्यांचा निर्णय डॉक्टर वेगळा घेतात. धनुर्वाताचे इंजेक्शन मात्र प्रत्येक जखमेला लागते असे नाही. दीड ते दोन वर्षांचे असताना आणि पुन्हा पाच-सहा वर्षांचे असताना जे डोस द्यायचे ते दिलेले असले, तर लसीकरणाचे कार्ड दाखवावे. ते कार्ड कपाटात नेमके कुठे आहे हे दिवाळीआधी पाहून ठेवलेले बरे.

पाडव्याच्या संध्याकाळी डॉक्टर शोधणे हा वेगळा अध्याय आहे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दाराला तोरण होते आणि कुलूप होते. मग आम्ही एका रुग्णालयात गेलो. नाव सांगत नाही. तिथल्या गृहस्थांनी जखमेकडे एकदा पाहिले आणि वस्तरा मागवला. "भुवई काढतो, म्हणजे टाके नीट बसतील." भावजय उठली, म्हणाली, "थोडं थांबा, आम्ही विचार करून येतो," आणि मुलीला घेऊन सरळ गाडीत येऊन बसली. तिने कुठेतरी वाचले होते की भुवई भादरायची नसते. एक तर ती पूर्वीसारखी उगवेलच असे नाही. दुसरे म्हणजे शिवताना कातडीच्या दोन कडा कुठे जुळवायच्या, याची खूण भुवईचे केसच देतात. ती खूण पुसली तर भुवईला पायरी पडते. ओठाचेही तसेच. ओठाचा लाल रंग जिथे संपतो त्या रेषेत एका मिलिमीटरचा फरक पडला, तरी समोर बसून बोलणाऱ्याला तो दिसतो.

आम्हाला धीर आला तो एका गोष्टीमुळे. जखम सहा तासांत शिवलीच पाहिजे, अशी जी धास्ती असते ती चेहऱ्याच्या बाबतीत तितकी खरी नाही. स्वच्छ असेल तर चेहऱ्याची जखम चोवीस तासांपर्यंतही शिवता येते. म्हणजे चांगला हात शोधायला दोन-तीन तास खर्च झाले तर बिघडत नाही. प्रत्येक खोकेला प्लास्टिक सर्जन हवाच असेही नाही. सरळ, उथळ चीर कोणताही सावध डॉक्टर बंद करील. पण पापणी, ओठाची कड, नाकाकानाची कूर्चा, गालाची खोल जखम, आरपार गेलेली किंवा मांसाचा तुकडा नाहीसा झालेली जखम, यांना त्या विद्येचाच माणूस हवा. गालाच्या आत चेहरा हलवणारी नस आणि लाळेची नळी आहे. वरून शिवून आत काय तुटले ते कळत नाही.

रात्री साडेनवाला एक सर्जन भेटले. त्यांनी आधी भूल आणणारे जेल कापसावर घेऊन जखमेवर ठेवले आणि वीस मिनिटे मुलीशी किल्ल्यातल्या मावळ्यांविषयी गप्पा मारल्या. ही वीस मिनिटे मला फार महत्त्वाची वाटतात. चार माणसांनी दाबून धरलेले, हातपाय झाडणारे मूल शिवताना कोणाचाही टाका चुकेल. हळदीचा डबा अजून आईच्या पिशवीत होता. तो पाहून ते म्हणाले, "आजी, हळद दुधात घाला आणि ह्यांना द्या. खरी गरज ह्यांना आहे." ह्यांना म्हणजे मला.

सरळ, कोरड्या आणि न ताणणाऱ्या चिरेला हल्ली टाक्यांऐवजी कातडीवर लावायचा गोंद वापरतात. वण दोन्हींचा सारखाच राहतो. त्यावर मलम लावायचे नसते, कारण स्निग्ध पदार्थाने गोंद सुटतो. आमची खोक डोळ्याजवळ आणि जराशी उघडी, म्हणून तिला टाके पडले. आतून विरघळणारे दोन, वरून बारीक धाग्याचे पाच. सुश्रुतही टाके फार दूर किंवा फार जवळ घालू नयेत असे बजावतो. दूर घातले तर दुखते, जवळ घातले तर कड फाटते.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती आमच्या पुण्याची आहे. टिपूशी झालेल्या १७९२च्या लढाईत कावसजी नावाचा इंग्रजी फौजेतला बैलगाडीवान कैद झाला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्यात विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने रेघ आखली आणि तेवढी कातडी सोडवून, दोन डोळ्यांमधला दुवा न तोडता, खाली वळवली. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिले, आणि १७९४च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली लंडनमध्ये तसे नाक केले. त्या पत्रात कावसजीचे नाव आहे, कारागिराचे नाही. मराठीच्या अध्यापकाला ही अनुपस्थिती बोचते.

असो. पाचव्या दिवशी टाके निघाले. आईला ती घाई वाटली. "इतक्यात? उसवेल की!" पण चेहऱ्यावरचे टाके तीन ते पाच दिवसांत काढतात ते वणासाठीच. धागा फार दिवस राहिला तर जखमेच्या दोन्ही बाजूंना टाक्यांचे स्वतःचे ठिपके उमटतात आणि वण आगगाडीच्या रुळासारखा दिसतो. जुन्या पिढीतल्या पुष्कळांच्या हनुवटीवर हे रूळ आहेत, माझ्याही आहेत. आईची शंका मात्र अगदीच निराधार नव्हती. आठवड्याच्या जखमेत मूळच्या कातडीच्या दहाव्या हिश्शाइतकीही ताकद नसते. म्हणून टाके काढल्यावर कागदी चिकटपट्टीच्या बारीक पट्ट्या आडव्या लावून कडांवरचा ताण घेतात. तीन महिन्यांनी ताकद ऐंशी टक्क्यांपर्यंत येते. पुढे फारशी वाढत नाही.

'जखम उघडी ठेवा, हवा लागू द्या, खपली धरू द्या' हा सल्ला आम्हाला निदान वीस जणांनी दिला. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकराच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पसरते. खपली म्हणजे नव्या कातडीच्या वाटेतला धोंडा. तिला तो धोंडा खालून पोखरत जावे लागते, आणि मूल ती खपली नखाने काढते ते वेगळेच. तेव्हा रोज साध्या पाण्याने हलके धुणे, साधे व्हॅसलीन लावणे आणि वर पट्टी, एवढेच. महागडे मलम नाही. मुलाची नखे कापणे हाही उपचारच समजावा.

खरी परीक्षा पुढे होती. पंधराव्या दिवशी रेघ इतकी बारीक होती की सगळे खूश. दुसऱ्या महिन्यात ती लाल झाली, कडक झाली, वर आली. घरात पुन्हा सुतक. सर्जन शांतपणे म्हणाले, "असंच व्हायचं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वण सर्वांत वाईट दिसतो." आत धागे भराभर विणले जात असतात. मग ते उसवून पुन्हा नीट लावण्याचे काम वर्षभर, कधी दीड वर्ष चालते. मुलांचे अंग लवकर भरते म्हणून त्यांचा वणही कमी राहतो, हा समज उलटा आहे. भरून येण्याचा जोर जास्त, म्हणून लहान मुलांचे वण जास्त दिवस लाल राहतात. वण अजिबात न राहण्याचा काळ एकच. आईच्या पोटातल्या पहिल्या महिन्यांत गर्भाला जखम झाली तर ती खूण न ठेवता भरते. जन्मलेल्याला ती सवलत नाही.

वण कुठल्या दिशेला पडला यावरही पुष्कळ असते. व्हिएन्नाचा शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल लांगर याने १८६१ साली प्रेतांच्या कातडीत गोल टोच्याने भोके पाडली आणि पाहिले, तर भोके गोल राहिली नाहीत, लांबट झाली. कातडीला कापडासारखा ताणा-बाणा आहे. कपाळाला आठ्या आडव्या पडतात. त्यांच्या दिशेने गेलेली चीर आठीत दडते, त्यांना छेदणारी उठून दिसते. आमची तिरपी, म्हणजे मध्यम नशिबाची.

त्या तीन महिन्यांत फोनवर फोटो गेले आणि उपाय आले. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून लावा, कांद्याच्या अर्काचे मलम लावा, चंदन लावा, लिंबू चोळा. ई जीवनसत्त्वाची १९९९ साली रीतसर परीक्षा झाली आहे. दहापैकी नऊ वणांवर त्याचा उपयोग झाला नाही किंवा वण आणखी बिघडला, आणि तिघांतल्या एकाला पुरळ उठले. कांद्याचा अर्क साध्या व्हॅसलीनहून फार सरस ठरलेला नाही. लिंबू तर लावूच नये. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजल्यासारखी होऊन काळी पडते, आणि आपल्या सावळ्या कातडीला काळे पडायला निमित्तच हवे असते.

म्हणूनच आम्ही वर्षभर सर्वांत जास्त सांभाळले ते ऊन. रुंद काठाची टोपी, आणि जखम पूर्ण भरल्यावर सनस्क्रीन, एसपीएफ तीस किंवा अधिक, घराबाहेर पडण्याआधी. सिलिकोनचे जेल दोन वेळा लावले. चकत्याही मिळतात. त्या दिवसाचे निदान बारा तास, दोन-तीन महिने लावायच्या असतात, आणि साडेतीन वर्षांचे मूल कपाळावर चकती बारा मिनिटेही ठेवत नाही. सिलिकोनच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे असे नाही, पण त्याने अपाय होत नाही. झोपताना बोटाने हलके दाबून मालीश केले, तेही याच न्यायाने. पुतणीला ते आवडे, म्हणून ते टिकले.

पण औषधे हा सोपा भाग होता. ज्या संध्याकाळी ती पडली त्या संध्याकाळी, रक्त थांबायच्या आत, आई म्हणाली होती, "अगं बाई, मुलीची जात! नेमकं तोंडावरच!" ती मायेनेच म्हणाली. नंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाने तेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत म्हटले. मुलीला जवळ ओढायचे, केस बाजूला सारायचे, हनुवटी धरून उजेडाकडे वळवायचे आणि 'च्‌ च्‌' करायचे. मुलाच्या कपाळावर हीच खोक असती तर तिला शौर्यपदक मिळाले असते. चौथ्या महिन्यात एके सकाळी पुतणी आरशासमोर आईच्या टिकल्यांचे पाकीट घेऊन उभी होती. वणावर एकाखाली एक सहा टिकल्या लावल्या होत्या. "आता नाही ना दिसत?" तिने मला विचारले.

मी आईशी त्या दिवशी जरा चढ्या आवाजात बोललो. ते बोलणे इथे छापण्याजोगे नाही. त्यानंतर घरात नियम झाला. वण पाहायचा तो जेल लावताना, एकदा सकाळी, एकदा रात्री, आणि तोही तिच्या आईने. पाहुण्यांनी केस सारले तर कोणीतरी चहाचे विचारायचे. आणि कोणी तिलाच विचारले तर तिच्याजवळ उत्तर असावे, म्हणून भावाने तिला ते शिकवले. ती आता दाराशी आलेल्या पोस्टमनलाही सांगते, "मी टीपॉयवर पडले. टीपॉयला काही नाही झालं." आईने पंधरा दिवस अबोला धरला आणि सोळाव्या दिवशी शेजारच्या काकूंचा हात तिने स्वतः बाजूला केला.

या पाडव्याला वर्ष होते. वण आता फिकट, सपाट, भुवईत शिरताना दोन केसांची फट सोडणारा आहे. सर्जननी मोजून वहीत लिहिले आणि जेल बंद करायला सांगितले. वण खाजत राहिला, फुगत गेला किंवा मूळ जखमेची हद्द ओलांडून पसरू लागला, तर वर्षभर वाट न पाहता लगेच यावे. घरात कोणाला तसे फुगीर वण होत असतील तर तेही पहिल्याच दिवशी सांगावे. एरवी लेझर आहे, वण कापून आठीच्या दिशेने नव्याने शिवण्याची शस्त्रक्रिया आहे, पण ती वर्षाच्या आत सहसा करीत नाहीत. "करायची का?" भावाने विचारले. सर्जन म्हणाले, "ती मोठी झाली की तिला विचारा."

उरलेली अर्धी ट्यूब फ्रिजच्या दारात आहे. टीपॉयच्या चारही कोपऱ्यांना रबराच्या टोप्या बसवल्या आहेत. त्यातल्या दोन पुतणीने आधीच काढल्या आहेत.